भाजीपाल्यावरच्या किडींचा हंगाम कसा ओळखायचा: आठवड्याच्या मोजणीची वही

भेंडीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळायला लागल्या की आपण औषधाच्या दुकानाची वाट धरतो. पण कडा वळलेल्या दिसतात तेव्हा पानातला रस शोषणारा पहिला तुडतुडा वावरात येऊन दोन-तीन आठवडे उलटून गेलेले असतात. त्याची पिल्लं मोठी होऊन त्यांचीही अंडी पानांच्या शिरांत गेलेली असतात. आपण फवारतो ते तिसऱ्या आठवड्याच्या किडीवर, आणि औषध निवडतो ते मात्र शेजाऱ्याने काय मारलं ते विचारून.

मी जुन्नर तालुक्यात भाजीपाला करतो. टोमॅटो मुख्य, जोडीला वांगी, भेंडी, थंडीत कोबी आणि कडेला कारल्याचा मांडव. बरीच वर्षं मीही असाच धावत होतो. आता दर शनिवारी सकाळी पाऊण तास वावरात मोजणी करतो आणि वहीत लिहितो. कोणती कीड कधी चढते आणि कधी आपोआप उतरते हे या वहीने मला जेवढं शिकवलं तेवढं कोणत्याही छापील तक्त्याने शिकवलं नाही. छापील तक्ता सगळ्या जिल्ह्यांचा मिळून असतो. माझ्या विहिरीकाठचं वावर आणि माळावरचं वावर यांच्यातसुद्धा आठवड्याचा फरक पडतो. ही वही कशी ठेवायची आणि तिच्यावरून निर्णय कसे घ्यायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी हे समजून घ्या: कीड तारखेने येत नाही

कीड थंड रक्ताची. तिची वाढ हवेच्या उष्णतेवर चालते. टोमॅटोवरची नागअळी, म्हणजे टुटा, हे याचं चांगलं उदाहरण. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही अळी भारतात २०१४ साली पहिल्यांदा आढळली ती आपल्याच महाराष्ट्रात. अंड्यापासून पतंग व्हायला तिला २७ अंश तापमानात साधारण २४ दिवस लागतात, २० अंशांच्या आसपास ४० दिवस, आणि १४ अंशांत तब्बल ७६ दिवस. म्हणजे १४ अंशांत तिची एक पिढी होते तेवढ्या काळात २७ अंशांत तीन होतात. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालू शकते. फेब्रुवारीत पानावर तुरळक दिसणारी नागमोडी रेघ एप्रिलमध्ये अख्खा प्लॉट का करपवते, ते या हिशोबात आहे.

दुसरी गोष्ट पाऊस. जोराची सर फुलकिडे, मावा आणि कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या लहान अळ्या अक्षरशः धुऊन काढते. फुलकिडे कोषावस्थेसाठी जमिनीत उतरतात, तिथे पाणी साचलं तर तेही मरतात. उलट फळमाशीला हाच पाऊस मानवतो. ओलसर जमिनीत तिचे कोष सुखरूप राहतात आणि मांडवावर कोवळी फळंही याच दिवसांत लागतात.

तिसरी गोष्ट शेजारचं पीक. आपल्या वावरातली कीड बऱ्याचदा दुसऱ्याच्या वावरातून येते. जुना टोमॅटो उपटून बांधावर टाकला की त्यावरची पांढरी माशी दोन दिवसांत नव्या लागवडीवर उतरते. त्यामुळे वहीत शेजारच्या पिकाचीही नोंद लागते.

पायरी पहिली: सामान

खर्च फार नाही. दोनशे पानी जाड वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढऱ्या कागदाची पाटी, कमाल-किमान तापमापक आणि पाऊस मोजायला साधं पर्जन्यमापक. तापमापक सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगा. पत्र्याच्या शेडला टांगलेला तापमापक दुपारी खोटं सांगतो.

सापळे तीन प्रकारचे. पांढरी माशी, मावा, तुडतुडे यांसाठी पिवळे चिकट, फुलकिड्यांसाठी निळे चिकट, आणि अळीवर्गीय किडींसाठी मादीच्या वासाने पतंग ओढणारे कामगंध सापळे. नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर एकरी दोन कामगंध सापळे पुरतात. पतंग मोठ्या प्रमाणात पकडायचे असतील तर जास्त लागतात. कामगंध सापळ्यात फक्त नर येतो, आणि प्रत्येक किडीची ल्युअर, म्हणजे सापळ्यातलं वासाचं आमिष, वेगळी. फळ पोखरणाऱ्या अळीची ल्युअर हाताळलेल्या बोटांनी वांग्याच्या शेंडे अळीची ल्युअर लावू नका. वास मिसळतो आणि सापळा रिकामा राहतो. मग आपण समजतो की कीड नाही. शिल्लक ल्युअर फ्रिजमध्ये ठेवा, पाकिटावरची मुदत संपली की बदला, आणि बदलल्याची तारीख वहीत लिहा. नव्या ल्युअरच्या आठवड्यात आकडा उडी मारतो. ती उडी हवामानाची समजलात तर पुढचं सगळं गणित चुकतं.

कारली, दोडका, काकडीसाठी क्यू ल्युअरचा सापळा लागतो. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल वापरतात, ते वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला चालत नाही. दुकानात ही गल्लत सर्रास होते, म्हणून पाकीट वाचून घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा या कामाला सोपा आहे.

पायरी दुसरी: वहीची आखणी

एका आठवड्याला एक पान, वर्षाची बावन्न पानं. प्रत्येक पानावर चार-पाच वर्षांसाठी आडव्या ओळी आखून ठेवा. म्हणजे यंदाच्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याखाली पुढच्या वर्षीचा ऑगस्टचा दुसरा आठवडा येईल. नुसती रोजनिशीसारखी लिहीत गेलात तर दोन वर्षांनी तुलना करायला पानं चाळत बसावं लागतं आणि ते कुणी करत नाही.

पानावर आठवड्याचं कमाल-किमान तापमान, पाऊस किती मिलिमीटर आणि किती दिवस, ढगाळ दिवस, सकाळी दव होतं का, पिकाचं वय, खत, फवारणी. युरिया दिल्याची तारीख विसरू नका. जास्त नत्राने पीक लुसलुशीत होतं आणि रस शोषणाऱ्या किडी वाढतात, तो दोष आपण हवेवर टाकून मोकळे होतो.

पायरी तिसरी: मोजणी

दिवस ठरवा आणि तो मोडू नका. वेळ सकाळची, ऊन तापायच्या आत. गारव्यात पांढरी माशी सुस्त असते, पान उलटलं तरी लगेच उडत नाही. दहा वाजल्यानंतर तेच पान उलटलंत तर हातात रिकामं पान येतं.

वावरात नागमोडी चाला. पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाच झाडं, एकूण २५ झाडं. दर आठवड्याला तीच झाडं नकोत. कडेच्या दोन ओळी वेगळ्या मोजा, कारण कीड आधी कडेला दिसते. रस्त्याकडेच्या धुळीने भरलेल्या ओळीत उन्हाळ्यात लाल कोळी सगळ्यात आधी लागतो. हा कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, पण मोजणीतून त्याला वगळून चालत नाही.

प्रत्येक झाडाची तीन पानं बघा: वरचं, मधलं, खालचं. पान तोडू नका, देठाला धरून हळूच उलटा. पांढऱ्या माशीचे प्रौढ वरच्या कोवळ्या पानांखाली असतात. तिची चपटी, हलत नसलेली पिल्लं खालच्या पानांवर असतात, त्यांना भिंग लागतं. तुडतुड्याचं पिल्लू फिकट हिरवं असतं आणि हात लागताच तिरकं चालत पानाच्या दुसऱ्या बाजूला जातं. ती तिरकी चाल एकदा ओळखली की चूक होत नाही. फुलकिड्यांसाठी मिरचीचा शेंडा किंवा फूल पांढऱ्या पाटीवर तीनदा झटका आणि धावणारे बारीक कण मोजा. मिरचीच्या फुलातले काळपट फुलकिडे वेगळे लिहा. २०२१ च्या हंगामात आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं ज्या परदेशी फुलकिड्याने मोठं नुकसान केलं, तो फुलातच गर्दी करतो.

टोमॅटोत फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी वरच्या पानांवर एकेकटी असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळसर. टुटासाठी पान सूर्याकडे धरून बघा. नागमोडी पारदर्शक पट्टा, त्यात काळ्या विष्ठेचे ठिपके आणि पट्ट्याच्या रुंद टोकाला हिरवट अळी आरपार दिसते. पट्टा आहे पण अळी नाही, तर ती बाहेर पडली आहे. असे पट्टे वेगळे लिहा, नाहीतर जुन्या नुकसानीलाच नवी कीड समजून फवारा माराल.

वांग्यात वाकलेले शेंडे मोजा. सकाळी सगळं पीक ताठ असताना एखादाच शेंडा मान टाकून असतो. तो चार बोटं खाली तोडून नखाने उभा चिरला की आतली पोकळी आणि गुलाबीसर अळी दिसते. एका मोजणीत असे किती शेंडे निघाले ते लिहा आणि शेंडे पिशवीत घालून वावराबाहेर नेऊन नष्ट करा. फळं लागल्यावर ही अळी शेंड्यांकडून फळांकडे वळते. त्यामुळे शेंड्यांचा आकडा खाली आला म्हणून कीड कमी झाली असं समजू नका. काढणीच्या वेळी किडकी वांगी वेगळी मोजा.

हिशोब सोपा आहे. २५ झाडं, तीन-तीन पानं, म्हणजे ७५ पानं. तुडतुडे १५० भरले तर पानाला सरासरी २. पण सरासरीबरोबर आणखी एक आकडा लिहा: २५ पैकी किती झाडांवर कीड होती. मावा आणि लाल कोळी पुंजक्याने राहतात. एकाच झाडावर दोनशे मावा आणि बाकी २४ झाडं स्वच्छ, अशीही सरासरी पानाला अडीचपेक्षा जास्त येते. तिथे ते एक झाड हाताळलं की काम होतं, अख्ख्या वावरावर पंप फिरवायची गरज नाही.

मित्रकीटकही त्याच पाटीवर मोजा. ढालकिड्याचे प्रौढ आपण ओळखतो, पण त्याची काळी-नारिंगी, मगरीसारखी दिसणारी अळी बघून घाबरून फवारणारे पुष्कळ आहेत. तीच अळी मावा सगळ्यात जास्त खाते. मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला तर त्याच्या आत बारीक परोपजीवी गांधीलमाशीची अळी आहे. असा मावा वाढत चालला असेल तर आठवडाभर थांबा.

पायरी चौथी: वर्षाचा फेरा वाचणं

दोन हंगाम वही भरली की चित्र दिसायला लागतं. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात ते साधारण पुढीलप्रमाणे असतं. तुमच्या वहीत आठवडे पुढेमागे होतील.

माघ-फाल्गुनात दिवस तापायला लागले की कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग उचल खातो आणि टोमॅटोवर टुटा वेग घेते. चैत्र-वैशाखात कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी, फुलकिडे आणि पांढरी माशी. मार्च-एप्रिलच्या टोमॅटो लागवडीचा सगळ्यात नाजूक काळ पहिले दीड महिने. तेव्हा पांढऱ्या माशीने पानं आखडवणाऱ्या कोकडा रोगाचा विषाणू आणला तर झाड पुढे फळच धरत नाही, म्हणून त्या काळात थोडी माशीही मला जास्त वाटते. भेंडीत पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाचंही तसंच. वेलवर्गीय रोपांची पहिली पानं याच दिवसांत लाल भुंगेरे चाळणीसारखी करतात.

मृग आणि आर्द्राच्या पावसात रस शोषणारी कीड खाली येते. इथे एक चूक होते. पावसाच्या आधल्या दिवशी मारलेल्या औषधाला आपण श्रेय देतो आणि पुढच्या वर्षी तेच औषध शोधत फिरतो. वहीत पाऊस लिहिलेला असेल तर हे उघड होतं.

पुष्यापासून मघापर्यंत भेंडी-वांग्यावर तुडतुडे, मांडवावर फळमाशी आणि वांग्यात शेंडे अळी. फळमाशीसाठी सापळ्याइतकंच डंख लागलेली आणि गळलेली फळं रोज वेचणं महत्त्वाचं. फळातली अळी जमिनीत उतरून कोषात जाते, म्हणून वेचलेलं फळ बांधावर फेकलंत तर पुढची पिढी आपणच वाढवली.

आता ज्या काळाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं तो म्हणजे पावसाचा खंड. श्रावण-भाद्रपदात आठ-पंधरा दिवस उघडीप पडते, जमिनीत ओल असते, पीक कोवळं असतं, ऊन पडतं. तंबाखूची पानं खाणारी अळी अशाच वेळी उसळते. तिची अंडी पुंजक्याने आणि तपकिरी लवेने झाकलेली असतात. निघालेल्या लहान अळ्या पहिले काही दिवस एकत्र राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पान जाळीदार, पांढुरकं होतं. ते एक पान त्या दिवशी तोडलं तर काम दोन मिनिटांचं. आठवड्याने अळ्या पांगतात, दिवसा मातीत लपतात आणि रात्री खातात, मग कोणतंही औषध पुरत नाही. माझ्या एका फ्लॉवरच्या प्लॉटमध्ये उघडीप असतानाच घरच्या गडबडीत मी दोन शनिवार चुकवले. तिसऱ्या शनिवारी निम्म्या गड्ड्यांत विष्ठा होती. तेव्हापासून खंड पडला की मी आठवड्यातून दोनदा मोजतो.

हस्ताचा पाऊस ओसरून ऑक्टोबरची उष्णता वाढली की फुलकिडे आणि पांढरी माशी परत चढतात. पुढे शिवारात तूर-हरभऱ्याला फुलं येतात तशी घाटेअळी वाढते. टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी तीच. भोवती हरभरा असेल तर त्यावरचे पतंगही मोजणीत धरा. थंडीत, विशेषतः ढगाळ हवेत, कोबी, फ्लॉवर, वाटाण्यावर मावा वाढतो. टुटा त्या काळात मंद असते पण संपलेली नसते.

पायरी पाचवी: आकड्यांचा अर्थ लावताना

आजचा आकडा आजच्या हवेने ठरलेला नसतो. आज दिसणारी पिल्लं दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यांची आहेत. म्हणून कीड वाढलेल्या आठवड्याशेजारी त्याच आठवड्याचं तापमान न बघता दोन पानं मागे जा. मला स्वतःला पांढऱ्या माशीचा आणि पावसाच्या उघडिपीचा संबंध असाच मागे जाऊन दिसला.

हंगाम आणि पिकाचं वय यांची गल्लत ही दुसरी अडचण. जूनमध्ये लावलेल्या वांग्यात सप्टेंबरला शेंडे अळी वाढली, तर ते सप्टेंबरमुळे की पीक नव्वद दिवसांचं झालं म्हणून? एकाच लागवडीवरून हे कळत नाही. शक्य असेल तर महिन्याच्या अंतराने दोन छोट्या लागवडी करा आणि एकाच शनिवारी दोन्ही मोजा. दोन्हीकडे कीड एकदम चढली तर कारण हवा, आणि जुन्याच प्लॉटमध्ये चढली तर वय.

पायरी सहावी: वहीवरून निर्णय

पहिला निर्णय लागवडीच्या तारखेचा. किडीचा उच्चांक आणि पिकाची नाजूक अवस्था एकत्र येऊ नये एवढं सरकवता आलं तर अर्धं काम झालं. बाजारभाव पाहता ते दर वेळी जमत नाही, मग तयारी आधीपासून करा. रोपं बारीक जाळीखाली वाढवा. टोमॅटो-मिरचीभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लागवडीच्या तीन आठवडे आधी पेरा, म्हणजे माशी यायच्या वेळी मका उंच झालेला असेल. कोबीत दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी: एक कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरलेली, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीकडे जातो आणि फवारा तेवढ्या ओळींवर बसतो.

जुना टोमॅटो संपला की त्याच आठवड्यात उपटून कंपोस्ट खड्ड्यात प्लास्टिकखाली झाकून टाका.

आकडा चढायला लागला की माझा पहिला फवारा पाच टक्के निंबोळी अर्काचा. ५ किलो निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात वेचून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. ब्युव्हेरिया, मेटारायझियमसारख्या बुरशीजन्य औषधांना हवेत ओल लागते, ती पावसाळी दिवसांत वापरा. वैशाखात ती वाया जातात.

रासायनिक औषध शेवटी, आणि आकडा तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाने किंवा कृषी विज्ञान केंद्राने सांगितलेली आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होतं ती, ओलांडेल तेव्हाच. लेबलवर त्या पिकाचं आणि त्या किडीचं नाव आहे ना ते बघा. लागोपाठ दोन फवारण्या एकाच गटातल्या औषधाच्या नकोत, आणि फवारणी ते तोडणी यांतलं लेबलवरचं अंतर पाळा. ती भाजी कुणाच्या तरी ताटात जाते, बऱ्याचदा आपल्याही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधं उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा मारलीत तर लाल कोळी आणि पांढरी माशी उलट वाढतात, कारण त्यांना खाणारे किडे आधी मरतात. वांग्यावर हे मी अनुभवलं आहे. चार फवारण्यांनंतर पानांना जाळी धरली होती.

फवारणीनंतर चौथ्या दिवशी पुन्हा २५ झाडं मोजा आणि न फवारलेल्या एका ओळीशी तुलना करा. ती ओळ मुद्दाम सोडावी लागते आणि सोडताना जीवावर येतं. पण कीड औषधाने गेली की पावसाने, ते दुसऱ्या कोणत्याच मार्गाने कळत नाही.

दुसऱ्या वर्षापासून त्याच पानावर गेल्या वर्षीचा आकडा वर दिसायला लागेल. वावरात जाताना तो वाचू नका. आधी वाचला की डोळे तेवढेच किडे शोधतात. मोजणी संपवून, बांधावर बसून वही उघडा, यंदाचा आकडा त्याच्या खालच्या ओळीत लिहा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघा.